पाणघोड्याला कान असतात

"ताई, सिंह दिसनच याची काही गॅरंटी?"

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात आफ्रिकेच्या सहलीची चौकशी करायला आलेला माणूस खुर्चीला पाठ टेकायच्या आधी हा प्रश्न टाकायचा. माझा उलटा प्रश्नही ठरलेला असायचा.

"दादा, परतवाड्याहून वर मेळघाटात किती वेळा गेलात?"

"लय वेळा."

"वाघ दिसला?"

"नाई बा. एकदा शेपूट दिसल्यासारखं वाटलं होतं."

"मग तिथं कोणाकडून गॅरंटी घेतली होती?"

"अवो, तो घरचा वाघ हाय. आज नाई त उद्या दिसन. तुमचा सिंह पाहाले विमानात बसा लागते ना!"

उंबरठ्याशी एवढं जंगल असून आमच्या माणसांना समुद्रापलीकडचा सिंह पाहिजे असतो, आणि त्या हौसेवरच माझं सगळं आयुष्य निघालं. वऱ्हाडातल्या माणसांना आफ्रिकेची अभयारण्यं आणि पाणथळ जागा दाखवून सुखरूप घरी आणणं हा माझा धंदा होता. आता निवृत्त झाले आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

लोकांना वाटतं, टूर मॅनेजर म्हणजे फुकटात फिरणारी बाई. खरं सांगते, मी दक्षिण आफ्रिकेत कितीतरी वेळा गेले, पण तिथले गेंडे बहुतेक माझ्या पाठीमागेच राहिले. कारण प्राणी दाखवायचं काम तिथल्या गाईडचं, माणसं सांभाळायचं काम माझं. आणि माणसं गाडीत, माझ्या समोर. सफारीची गाडी उघडी असते, मागच्या रांगा पायऱ्यांसारख्या चढत जातात. पुढच्या रांगेत धक्के कमी आणि सगळं नीट दिसतं, शेवटच्या रांगेत कंबर मोडते. त्यामुळे रोज पंगत बदलायची. काल जो पुढे, तो आज मागे. हा नियम मोडला की लग्नातल्या मानपानाइतकी भांडणं होतात. गाडीतून खाली उतरायचं नसतं, म्हणून सकाळचा चहा अर्धाच कप द्यायचा. आणि गप्प बसवायचं. हे सगळ्यात अवघड. वऱ्हाडी माणसाचं कुजबुजणं पुण्यात भाषण म्हणून चालेल. "हळू बोला," असं म्हटलं की मागून हमखास आवाज येणार, "हळूच त बोलून राह्यलो ना वो!" आणि तेवढ्यात झाडाखालचं हरीण पसार.

माझे प्रवासीही एकेक नग. परतवाड्याच्या एका सद्गृहस्थांनी हत्तींचा अख्खा कळप घरच्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवला आणि कळप गेल्यावर मला म्हणाले, "कुठं होते हत्ती?" मोबाइलच्या पडद्यावर त्यांना सबंध वेळ फक्त सासूबाई दिसत होत्या. आणखी एक बाई पिशवीभर कुरडया घेऊन आल्या होत्या. डरबनच्या विमानतळावर तपासणीच्या अधिकारी बाईंनी त्या पांढऱ्या जाळीदार चकत्या उचलून उजेडात धरल्या. त्यांना वाटलं, कुठल्या तरी पाखराची घरटी चोरून आणली आहेत. तिथं रानातली काडी हलवणंही गुन्हा. मी गव्हाच्या चिकाची सगळी रीत इंग्रजीतून समजावली, पण त्यांचा संशय जाईना. शेवटी आमच्या बाईंनी एक कुरडई काडकन मोडून तोंडात टाकली. अधिकारी बाईंनीही एक तुकडा चाखला, जरा विचार केला आणि आम्हाला जाऊ दिलं.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट शकूकाकूंची.

शकूकाकू आणि त्यांचे यजमान वसंतराव मोर्शीकडचे. मोठी संत्र्याची बाग, मुलं हाताशी आलेली. वसंतराव सत्तरीला टेकलेले, धिप्पाड, जाड भिंगांच्या चश्म्याचे, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. जन्मभर रोज संध्याकाळी त्यांनी टीव्हीवर जंगलाचे कार्यक्रम पाहिले होते. ऑफिसात आले ते चौकशीला, पण पांढरा गेंडा आणि काळा गेंडा यांतला फरक मलाच समजावून गेले. दोघांचा रंग सारखाच, ओठ वेगळे. शकूकाकू शेजारी मांडीवर पर्स ठेवून ऐकत होत्या. मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय काय बघायचं आहे?"

उत्तर वसंतरावांनी दिलं. "तिले काई नाई पाहाचं. ती माया गोया सांभायाले येऊन राह्यली."

"हो ना," काकू शांतपणे म्हणाल्या, "हे एकटे गेले त रक्तदाबाची गोई हत्तीले चारतीन."

मला त्या तिथंच आवडल्या.

त्याच सहलीत अकोल्याचे रफिकभाई होते. त्यांचं चश्म्यांचं दुकान, पण जीव पाखरांत. सुट्टीच्या दिवशी पहाटे कापशीच्या तलावावर जाऊन बसणारा माणूस. गळ्यात दुर्बीण इतकी कायम, की पासपोर्टच्या फोटोत ती नव्हती हेच नवल. एकटेच आले होते. "बेगम म्हणते, पाखरं बघायला समुंदर पार काहून जाता? आपल्या छतावर कबुतरं नाहीत का?"

आपल्याकडे थंडी, तिथं भर उन्हाळा. डरबनहून उत्तरेला गेलं की डोंगराळ रानातलं एक जुनं अभयारण्य लागतं. झुलू भाषेतलं त्याचं नाव आमच्या कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी ते 'हळूहळूवे' करून टाकलं. आमचा गाईड थेंबा, उंचापुरा झुलू माणूस, सदा हसतमुख. त्याला आमच्या मंडळींनी पहिल्याच तासात 'थेंबभाऊ' केलं. एवढा मोठा माणूस आणि नाव थेंब, याचं सगळ्यांना भारी कौतुक.

पहिल्याच सकाळी टेकडीच्या उतारावर गेंडे दिसले. गाडी थांबली. वसंतरावांनी ओठांचा मुद्दा पुन्हा सुरू केला. थेंबाला मराठी येत नव्हती, पण हा माणूस मनापासून काहीतरी सांगतो आहे हे कळत होतं, म्हणून तो त्यांचं संपेपर्यंत आदबीनं थांबायचा आणि मग स्वतःचं बोलायचा. शकूकाकू शेवटच्या रांगेत, पदर डोक्यावरून घेऊन बसलेल्या.

"काकू, दिसले का गेंडे?"

"हो हो, दिसले ना."

पण त्यांची नजर भलतीकडेच होती. मला वाटलं, बाईंना कंटाळा आलाय. दुसऱ्या फेरीला मी त्यांना पुढची जागा दिली, ती त्यांनी एका तरुण मुलीला देऊन टाकली. "तू बस व माय, तुले हौस हाय. मले मागंच बरं."

मात्र एक जिराफ अगदी गाडीला खेटून रस्ता ओलांडू लागला, तेव्हा त्या एकदम उभ्या राहिल्या. "माय व! केवढ्या पापण्या!" आणि पुढं डब्याच्या वेळी, जिथं खाली उतरायची परवानगी होती तिथं, थेंबानं एक शेणकिडा दाखवला. आपल्याहून मोठा शेणाचा गोळा मागच्या पायांनी लोटत निघाला होता. काकू उकिडव्या बसल्या आणि त्या किड्याबरोबर सरकत सरकत चालल्या. हाका मारल्या तरी उठेनात.

वसंतरावांनी कपाळावर हात मारला. "एवढे गेंडे सोडून शेणकिडा पाहून राह्यली! अन् डोये असे तेज हायत हिचे, का या वयात बिनचश्म्यानं सुई ओवते. घरात कोणाले जमत नाई."

रफिकभाईंनी मान वळवून काकूंकडे एकदा नीट पाहिलं.

दोन दिवसांनी आम्ही सेंट लुसियाला पोचलो. समुद्रकाठचं लहानसं गाव, एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीच्या काठानं तिवरांची झाडी, बांबूसारख्या उंच गवताची, देवनळाची बेटं, आणि पाण्यात पाणघोडे आणि मगरी. अंधार पडला की पाणघोडे गावातल्या रस्त्यांवर चरायला येतात. आपल्याकडे वळणाच्या पाट्या असतात तशा तिथं पाणघोड्याच्या पाट्या. वसंतरावांची ही सगळ्यात आवडती जागा. "ताई, उद्याच्या बोटीसाठी मी आलो, बाकी सगळं भाताबरोबरचं लोणचं," असं ते बसमध्ये म्हणाले होते.

आणि त्या दुपारी जेवता जेवता त्यांनी घास खाली ठेवला. घामानं सदरा भिजला. एका हातानं टेबल धरून वाकले ते सरळ होईनात. रक्तदाबाचा माणूस, परका देश. या धंद्यात सिंहाची भीती वाटत नाही, याची वाटते.

गावातल्या डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, मुतखडा सरकला आहे. पण रक्तदाब चढलेला, वय झालेलं, तेव्हा मोठ्या दवाखान्यात न्यावं. तो तासाभराच्या अंतरावरच्या शहरात. वसंतराव कळा सोसत म्हणाले, "पहिले पाणघोडा, मंग दवाखाना."

"पहिले दवाखाना," काकू म्हणाल्या आणि त्यांची बॅग घेऊन गाडीत जाऊन बसल्या.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे: मॅनेजर आजाऱ्याबरोबर जाते, बाकीचे गाईडच्या हवाली. मंडळी थेंबाबरोबर समुद्रावर गेली आणि मी या दोघांना घेऊन निघाले. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर वसंतरावांच्या कळा थांबल्या. खडा लहान होता, पाण्यानं पडून जाईल म्हणाले, पण दोन रात्री ठेवून घ्यायचं ठरलं. नातेवाइकांना रात्री थांबायची मुभा नाही. भेटीची वेळ संपली, तशी नर्स येऊन उभी राहिली.

"उद्या तू बोटीत जाय," वसंतराव काकूंना म्हणाले.

"मी नाई जात. तुमी नाई त मी काय पाहू?"

"मी नाई म्हणूनच जाय म्हणतो. आपल्यातल्या एकानं त पाहाले पायजे. अन् आल्यावर मले सगळं सांगजो. पाणघोडा कसा होता, तोंड कसं उघडते, सगळं."

परतीच्या वाटेवर काकू खिडकीबाहेर बघत होत्या. उसाचे मळे मागे जात होते. मला वाटलं, नवऱ्याची काळजी करताहेत. एकदम म्हणाल्या, "ताई, हे विचारतीन. मी काय सांगू यायले?"

"जे दिसेल ते सांगा."

"मले त्यातलं काई समजतच नाई वो. सगळे म्हणते दिसला, मंग मीही म्हणते दिसला. ध्यानातच येत नाई माया." हे सांगताना त्यांचा आवाज इतका उतरला होता, की मी काहीतरी समजुतीचं बोलून विषय बदलला. मला वाटलं, शिक्षण कमी म्हणून बाई बुजतात.

सकाळी बोट निघाली. पाणी चहाच्या रंगाचं, वारा अगदी मंद. पहिल्याच वळणावर सगळी बोट ओरडली. पाणघोड्यांचा कळप, पाण्यातून नुसत्या पाठी आणि टाळकी वर. काकू कठड्याशी उभ्या, पर्स घट्ट धरून. डोळे बारीक केलेले, कपाळाला आठ्या. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "ताई, कोणता? तो दगड का त्याच्या मागचा?"

"काकू, दगड नाहीत तिथं. सगळे पाणघोडेच आहेत."

रफिकभाई जवळच होते. त्यांनी दुर्बीण खाली केली. "भाभी, त्या काठावर झाड दिसते?"

"दिसते ना. हिरवं हाय."

"त्याच्या फांदीवर काय बसलंय?"

"फांदी?" काकू म्हणाल्या. "हिरवंच हाय सगळं."

रफिकभाईंनी आपल्या गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या गळ्यात घातली. "डोळ्याला लावा. आता हे मधलं चाक हळूहळू फिरवा. साफ दिसलं की थांबा. घाई नका करू."

काकू चाक फिरवत राहिल्या. आम्ही सगळे जिथं थांबतो त्याच्या कितीतरी पुढं ते चाक गेलं. मग त्यांचं बोट थांबलं. दुर्बीण डोळ्याला तशीच, ओठ जरासे उघडे. मला वाटलं, जमलं नाही वाटतं. आणि मग त्या म्हणाल्या,

"अवो... त्याले कान हायत!"

पाणघोडा पाण्यातून वर आला की कान फडफडवून पाणी झटकतो. इवलेसे कान, एवढ्या धुडाला न शोभणारे. आम्ही ते केव्हाच पाहून विसरलो होतो. काकूंना त्या कानांचा इतका आनंद झाला, की त्यांचं हसू थांबेना. "दोन्ही संगंच हालवते! पाहा ना, पाहा!" दुर्बीण त्यांच्याच हातात, आम्ही कशानं पाहणार!

मग त्या झाडाकडे वळल्या. तिथं पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड बसला होता. पण काकू गरुडावर नव्हत्या. "रफिकभाऊ, इतक्या दूरून झाडाची पानं येगयेगळी दिसते?"

"हो."

"सगळ्यायले?"

"ज्यांचे डोळे ठीक, त्यांना दिसतात. बाकीच्यांना चश्मा लावला की दिसतात."

काकूंनी दुर्बीण खाली घेतली, काठाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा लावली. "मले वाटे, दूरचं असंच रायते."

रफिकभाईंनी मला नंतर समजावलं. काकूंना जवळचं चांगलं दिसायचं, म्हणून सुई ओवता यायची. निवडटिपण, भरतकाम सगळं चोख. लांबचं मात्र कायमचं धूसर. बहुतेक लहानपणापासून. शाळा लवकर सुटली, फळा कधी नीट वाचायची वेळच आली नाही. "घरचे म्हणतात डोळे तेज. झूट नाही, जवळचे तेजच आहेत. लांबचं कोणी पूछलंच नाही."

उरलेली बोटफेरी मी माझ्या सगळ्या नोकरीत कधी पाहिली नाही अशी झाली. गेले दोन-तीन दिवस 'हो हो' पलीकडे न बोललेल्या काकू थांबेनात. मगरीचे दात तोंड मिटलं तरी बाहेर राहतात. देवनळावर सुगरणींची घरटी, आणि पिवळा नर घरटं विणून झाल्यावर त्याला उलटा लटकून पंख फडफडवतो. "बायकोले दाखवून राह्यला, पाह्य कसं बांधलं म्हणून!" सगळी बोट पाणघोडे सोडून त्यांचं ऐकू लागली. उतरताना रफिकभाईंनी दुर्बीण परत मागितली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. वसंतराव उशीला टेकून बसले होते, चेहरा हुशार. "हं, सांग. पाह्यला?"

"पाह्यला." काकू खुर्ची ओढून बसल्या आणि सुरू झाल्या.

"पाणघोडा काय करते," वसंतरावांनी मधेच तोंड घातलं, "तो दिवसा पाण्यात..."

"तुमी थांबा. तुमी पाह्यला का? मी पाह्यला."

वसंतराव थांबले. मला वाटतं, उभ्या जन्मात त्यांना असं कोणी थांबवलं नसावं. काकूंनी कानांपासून सुगरणीपर्यंत सगळं सांगितलं, हातवारे करून, उलटं लटकून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं. ते आधी चकित होऊन, मग हसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "इतकं बारीक पाह्यलं तुनं? गेंड्याच्या वक्ताले त झोपली होती."

"गेंडे मले दिसलेच नाई वो," काकू म्हणाल्या. "दूरचं मले दिसत नाई. रफिकभाऊनं सांगितलं. चश्मा लागते मले."

"कवापासून दिसत नाई?"

"मले काय माईत? लगनापासूनच असन."

वसंतरावांचं हसू गेलं. "अन् टीव्हीवर? रोज संध्याकाई मी दाखवतो तुले, वाघ, चित्ता... तू स्वयंपाकघराच्या दारातून हो हो म्हणतं."

"तुमी इतके रंगून सांगता. मंग मी हो नाई म्हणू त काय म्हणू?"

ते छताकडे पाहू लागले. नर्स आली, त्यांचा चेहरा बघून तिला वाटलं कळ आली. तिनं पोटाकडे बोट करून खुणेनं विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, या गावात चश्म्याचं दुकान असन ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडलं. आमची बस त्यांना घेऊन डरबनकडे निघायची होती. वाटेत गवती टोपल्या आणि मण्यांच्या माळांचा बाजार ठरलेला, आणि आमच्या बायकांचा त्यावर पहिल्या दिवसापासून डोळा. चश्म्याला थांबलं तर बाजार हुकणार. असे निर्णय मी एकटीनं घेत नाही. सहलीचा वेळ सगळ्यांचा असतो. बसमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. कुजबुज झाली, म्हणजे तुमच्या भाषेत आरडाओरडा.

"मले नाई लागत चश्मा," काकू संकोचून म्हणाल्या. "घरी जाऊन करू. टोपल्या पाहू द्या त्यायले."

वसंतराव उठून उभे राहिले. सगळ्या बसकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. तेव्हा अकोल्याच्या एक बाई, ज्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना टोपल्या कबूल केल्या होत्या, जोरात म्हणाल्या, "बसा हो भाऊ. टोपल्यायचा घरी ढीग हाय. चला चश्म्याले!"

मॉलमधलं दुकान. दुकानदार तमिळ वंशाचा, त्याच्या पणजोबांनी उसाच्या मळ्यावर काम करायला म्हणून देश सोडलेला. त्याला मराठी येईना, रफिकभाईंना तमिळ येईना, पण दोन चश्मेवाल्यांना भाषा लागत नाही. आकडे आणि काचा यांवर दोघांची गट्टी जमली. साधा नंबर, त्यामुळे काच दुपारपर्यंत तयार होणार होती. तोवर मंडळींनी मॉलच पालथा घातला आणि टोपल्यांचं दुःख बरंचसं भरून काढलं.

चश्मा लावून काकूंनी आधी आरसा पाहिला. "म्हातारी दिसते व मी," म्हणाल्या. मग दुकानाच्या दारात आल्या. वसंतराव थेट समोर, मोकळ्या जागेच्या पलीकडे बाकावर बसले होते. काकू थबकल्या, आणि सगळ्या मॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अवो, तुमची मिशी एका बाजूनं जास्त कापली हाय!"

वसंतरावांचा हात मिशीवर गेला. आमची सगळी पलटण हसत सुटली. ते उठून सावकाश काकूंकडे चालत आले, आणि त्या त्यांना येताना सबंध वेळ पाहत होत्या.

त्या सहलीत सिंह दिसला नाही. त्याची तक्रार कोणी केली नाही, ही माझ्या नोकरीतली एकमेव वेळ. आणि त्यानंतर मी प्रत्येक प्रवाशाला डोळे तपासून घ्यायला सांगू लागले. लोक रागवायचे. "ताई, सहलीले चाललो का ऑपरेशनले?" पण ऐकायचे. जेवढी वर्षं मी रांगा बदलत राहिले, तेवढ्या वर्षांत शेवटच्या रांगेत आणखी किती शकूकाकू 'हो हो' म्हणत बसून गेल्या असतील, हा विचार मात्र मनातून जात नाही.

डरबनच्या अलीकडे, समुद्रापासून जवळच, देवनळानं भरलेली एक दलदल आहे. उन्हाळ्यात तिथं दिवस मावळताना भिंगऱ्या मुक्कामाला येतात. शेपटीला दोन टोकं असलेली ती इवली पाखरं, युरोपातून आलेली. सहलीतला शेवटचा थांबा तोच. उतारावर चादरी टाकून मंडळी बसली. आधी आकाशात चार ठिपके, मग मूठभर, मग कोणी पोतं सोडावं तसे. बघता बघता वरचं सगळं आकाश हलू लागलं, वळू लागलं, आणि एकदम काही ठरल्यासारखी पाखरं पावसाच्या सरीसारखी देवनळात कोसळू लागली. डोक्यावरून जाताना पंखांचा आवाज येत होता. आमची मंडळी पहिल्यांदाच, कोणी न सांगता, गप्प होती.

काकू मान वर करून पाहत होत्या. दुर्बीण नाही, नुसता चश्मा. वसंतरावांनी काही सांगायला तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, "काय दिसून राह्यलं?"

"सगळं," काकू म्हणाल्या.

रफिकभाई म्हणाले, "भाभी, ही जात आपल्याकडे पण येते. हे एका मुलखातले, आपल्याकडचे दुसऱ्या. पण पाखरू हेच. थंडीत आपल्या विजेच्या तारांवर रांगेनं बसतात. आत्ता मोर्शीला पण बसले असतील."

काकूंनी वसंतरावांकडे पाहिलं. "आपल्या बागंजवयच्या तारंवर?"

"हो."

"दरसाल बसते?"

"दरसाल," वसंतराव म्हणाले.

"अन् तुमी मले कधी दाखवले नाई?"

वसंतरावांनी नजर देवनळाकडे वळवली. "दाखवले व," ते म्हणाले. "दरसाल दाखवले. तू हो म्हणे."

काकू त्यांच्याजवळ जरा सरकून बसल्या. शेवटची भिंगरी उतरेपर्यंत दोघं तसेच बसून होते, आणि मीही त्या दिवशी पहिल्यांदा माणसांकडे पाठ करून आकाश पाहिलं.

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन वाजला. नंबर वसंतरावांचा, आवाज काकूंचा.

"ताई, बसले हायत वो तारंवर. शेपट्या बी दिसते. पोट पांढरं हाय अन् गयाखाली लाल. पाह्य, एक उडालं... बसलं. आता ठेवते मी फोन. यायचा चश्मा घरात राह्यला, काय दिसते ते मलेच यायले सांगा लागते."